टिपणीसकाकांना जागा पसंत नाही

टिपणीसकाका लोकांच्या दारावरच्या घंट्या वाचतात. वाजवत नाहीत, नुसत्या वाचतात. जर्मनीत इमारतीतल्या जागांना बहुधा नंबर नसतात. खाली मुख्य दारापाशी बटणांची एक पाटी असते आणि प्रत्येक बटणाशेजारी आडनाव लिहिलेलं असतं. काका त्या पाटीसमोर उभे राहतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि खालून वर बोट फिरवत एकेक आडनाव पुटपुटत जातात. येणारे-जाणारे वळून बघतात. त्याचं काकांना काही नाही.

"हे बघ अस्मिता," ते मला शिकवायचे, "एका बटणावर तीन आडनावं. म्हणजे विद्यार्थी. म्हणजे शुक्रवारी धिंगाणा. आणि हे पितळेत कोरलेलं आडनाव. हा गृहस्थ इथे जन्मला असणार आणि खिडकीत बसून तुमच्या कचऱ्याच्या पिशव्या तपासणार. आणि इथे चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली आहे. इथे माणूस टिकत नाही. आल्झो, चला." 'तर मग' म्हणायचं असलं की काकांच्या तोंडी जर्मन 'आल्झो' येतं.

एकदा सेंडलिंग भागात ते असेच वाचत उभे असताना पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि एका आजीबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं, "कोणाला शोधताय?" काकांनी मान वर करून स्वच्छ जर्मनमध्ये उत्तर दिलं, "शांतता." आजीबाई म्हणाल्या, "ती मागच्या अंगणाच्या बाजूला मिळेल, रस्त्याच्या बाजूला नाही." मग दोघांच्या भरपूर गप्पा झाल्या. मी आणि माझा नवरा मंदार थंडीत पाय आपटत उभे. परत येताना काका म्हणाले, "ही इमारत नको. बाई फार बोलते."

जानेवारीत आम्ही पुण्याहून म्युनिकला आलो. मंदारची बदली झाली होती, मला इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं, आणि आमची नऊ वर्षांची ईरा बाईसाहेबांसारखी गाल फुगवून विमानात बसली होती. मंदारच्या कंपनीने मेअखेरपर्यंत एक सामानासकट जागा दिली होती. तोवर आपली आपण शोधायची. मंदारच्या ऑफिसातली शिल्पा म्हणाली, "जागा शोधताय ना? मग टिपणीसकाकांना फोन करा. म्युनिकमध्ये मराठी माणसं त्यांना विचारल्याशिवाय जागा घेत नाहीत."

मी केला. पलीकडून आवाज आला, "किती जणं? मूल केवढं? झोप सावध की गाढ?" जागेचा दलाल झोपेची चौकशी करतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. अर्थात काका दलाल नव्हते. कोणाकडून एक सेंट घेत नसत. तरुणपणी इथल्या एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले, रेनाटे नावाच्या जर्मन मुलीशी लग्न केलं, मुलगा झाला, रिटायर झाले. काकू काही वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा हॅम्बुर्गला असतो आणि रविवारी सकाळी फोन करतो. काका मराठीत बोलतात, तो जर्मनमध्ये उत्तरं देतो. एवढी माहिती आम्हाला शिल्पाने दिली. काकांनी स्वतःबद्दल कधी काही सांगितलं नाही. त्यांच्या बोलण्यात एकच विषय, जागा.

"घर हा शब्द इथे वापरायचा नाही," पहिल्याच भेटीत त्यांनी बजावलं. "इथे मुक्काम असतो. मुक्कामाचं शास्त्र वेगळं."

त्या शास्त्राचं पहिलं कलम असं की परिसर बघायचा तो रविवारीच. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, ड्रिल चालवायला बंदी, बाटल्या कचरापेटीत टाकायलासुद्धा बंदी, कारण खळ्ळकन आवाज होतो. "आठवडाभर गाव मेकअप करून बसतं," काका म्हणायचे. "रविवारी खरं बोलतं. गेनाऊ, अगदी रविवारीच बघायचं." मग दर रविवारी सकाळी ते स्टेशनवर हजर. हिरवट जॅकेट, खांद्याला पिशवी, पिशवीत थर्मास. आम्ही तिघं त्यांच्या मागे, लग्नाच्या वरातीत चुकून शिरल्यासारखे. ज्या भागात जागा बघायची असेल तो आधी पायाखाली घालायचा. बेकरी कुठे, बाक कुठे, बाकावर कोण बसतं, चर्चची घंटा किती वेळ वाजते, कुत्र्यांची तोंडं कशी आहेत. ईरा पहिल्या रविवारी रडली, दुसऱ्या रविवारी कंटाळली आणि तिसऱ्या रविवारी काकांच्या शेजारी उभी राहून घंट्यांवरची आडनावं वाचू लागली. तिचं जर्मन शाळेपेक्षा त्या पाट्यांवरच जास्त सुधारलं असावं.

जागा बघायला मालकाने ठरवून दिलेल्या वेळेला जायचं, त्याला इथे बेझिश्टिगुंग म्हणतात. एका जागेसाठी इतकी माणसं येतात की जिन्यावर रांग लागते. प्रत्येकाच्या हातात फाइल, चेहऱ्यावर वधूपक्षाचा नम्रपणा. अशा ठिकाणी जायच्या आधी काका प्लॅटफॉर्मवर आम्हाला ओळीने उभं करून आमचे कोट हुंगायचे. चेष्टा नाही, नाक लावून हुंगायचे.

"हिंग," मंदारच्या कॉलरपाशी ते म्हणाले. "काल आमटी केली होतीत?"

"काका, कालची आमटी आज कशी..."

"कोट विसरत नाही. मालकिणीला हिंगाचं नाव माहीत नसतं, पण नाकाला कळतं. बेझिश्टिगुंगच्या आदल्या दिवशी फोडणी बंद. कोट बाल्कनीत." तेव्हापासून आमचे कोट बाल्कनीत आणि आम्ही ब्रेड-चीजवर.

पहिल्याच जागेत मंदार स्वयंपाकघर शोधत सगळ्या खोल्या फिरून आला. काकांनी त्याला एका रिकाम्या खोलीत नेलं. भिंतीतून एक नळी बाहेर आलेली होती, बाकी काही नाही. "हे स्वयंपाकघर."

"ओटा?"

"आधीचे लोक घेऊन गेले. इथे ओटा आपला आपण आणतात आणि जाताना नेतात. सिंकसकट." मंदार त्या नळीकडे बराच वेळ बघत राहिला. माहेरचं सगळं घेऊन जाणाऱ्या लेकी ऐकल्या होत्या, पण सिंक नेणारे भाडेकरू आम्हाला नवीन होते.

ती जागा गेली. दुसरी उंटरश्लाइसहाइमला होती, माझ्या ऑफिसपासून चालत. मला तर तिथेच बॅगा उघडाव्याशा वाटल्या. काकांनी नाक मुरडलं. "जिथे नोकरी तिथे राहू नये. शनिवारी गाऊनवर दूध आणायला गेलीस की बॉस भेटेल. शिवाय इकडे येणारी लोकल पुढे जाऊन दुभंगते. मंदारला डुलकी लागली आणि स्टेशन चुकलं, तर मागच्या डब्यात असला की विमानतळावर, पुढच्या डब्यात असला की फ्रायझिंगला." गाडी दुभंगते हे खरं होतं. मंदारला डुलकी लागते हेही खरं होतं. ती जागाही गेली.

माझा स्वभाव मुळात उतावळा. सुटकेस अर्धी उघडी बघितली की मला चैन पडत नाही, आणि आमच्या चारही सुटकेसेस गेले तीन महिने अर्ध्या उघड्या होत्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. एप्रिल उजाडला तसा माझा जीव टांगणीला लागला. जागेपेक्षा मला ईराची काळजी होती. इथे शाळा पत्त्यावर ठरते. ईरा तात्पुरत्या पत्त्याच्या तात्पुरत्या शाळेत जात होती आणि कोणाशीही मैत्री करायला तयार नव्हती. मधल्या सुट्टीत एकटी बसते, असं तिच्या बाईंनी सांगितलं. घरी विचारलं तर म्हणाली, "परत जायचंच आहे ना तिथून? मग कशाला?" 

आणि तेवढ्यात लाइम भागातली जागा आली. तीन खोल्या, ओट्यासकट, खाली झाडं, शाळा दोन गल्ल्या सोडून. मालकीण म्हणजे एक हसरी विधवा. ईराच्या डोक्यावर हात ठेवून तिने सरळ विचारलं, "मग, घेणार ना?"

मी तोंड उघडणार तोच काका म्हणाले, "विचार करून कळवतो."

पुण्यात हे बरोबर आहे. पुण्यात जागा बघताना आवडली असं चुकूनही दाखवायचं नसतं. कपाळाला आठी घालून नळ उघडायचा, "पाणी कसं काय हो?" म्हणायचं, आणि निघायचं. पण म्युनिकमध्ये, जिन्यावर माणसं फाइली घेऊन ताटकळत असताना "कळवतो" म्हणणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या नावावर काट मारणं. बाईचं हसू गेलं. संध्याकाळच्या आत जागा दुसऱ्या कोणाला दिल्याचा निरोप आला.

"चाळीस वर्षं या देशात राहून त्यांना हे माहीत नसेल?" मंदार घरी आल्यावर म्हणाला. तो सहसा चिडत नाही. त्या दिवशी चिडला होता. "अस्मिता, इथे कुठेतरी पाणी मुरतंय."

"काय विचार करायचा होता, काका?" मी फोन करून विचारलं. माझा आवाज चढलाच.

"चर्चची घंटा जवळ आहे," काका म्हणाले. आणि जरा थांबून, "रविवारी पासिंगचा भाग बघू. तिकडे कालव्याकडेने छान रस्ता आहे. ईराला बदकं दाखवू."

मला बदकं नको होती, मला पत्ता हवा होता. त्यानंतरच्या एका बुधवारी मंदारच्या एका सहकाऱ्याने पासिंगमधली स्वतःची जागा सोडत असल्याचं सांगितलं. आम्ही ऑफिसातून परस्पर गेलो. काकांना सांगितलं नाही. घंट्या वाचल्या नाहीत, कोट हुंगले नाहीत, कोणत्या दिवशी कुत्री काय करतात ते बघितलं नाही. मालक वर घेऊन गेला, दार उघडलं, मी उंबऱ्यातूनच "हो" म्हणाले. मालक म्हणाला, आत तर या. आत जाऊन परत "हो" म्हणाले.

काकांना फोन करायचं काम मंदारने माझ्या गळ्यात टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "पाटी वाचलीत?"

"वेळ नव्हता, काका."

"असं," ते म्हणाले. "किल्ल्या मिळाल्या की बोलवा. नजर टाकून जाईन."

किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी ते आले. इमारतीची पाटी वाचली, जिना चढताना कठड्याला हात लावून पाहिला, तळघरात उतरले, कचरापेट्यांची झाकणं उघडली. वर येऊन सगळे नळ सोडले आणि खिडक्या उघडझाप केल्या. मी त्यांच्या मागे मागे, दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखी. ईराने त्यांचं बोट धरून त्यांना आपल्या खोलीत नेलं आणि "दास इस्ट माइन्स," असं ठासून सांगितलं. हे माझं आहे. काका तिच्या खोलीच्या मधोमध उभे राहिले. जमिनीकडे बघितलं, छताकडे बघितलं.

"चांगली आहे," ते म्हणाले. एवढंच. आल्झो नाही, गेनाऊ नाही, एक खोडसुद्धा नाही. मी चहा टाकत होते, तर म्हणाले, "नको. आता झालं तुमचं. सुखात राहा." आणि गेले. टिपणीसकाकांना जागा पसंत पडली, म्हणून मंदारने टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघं सुटल्यासारखे हसलो. त्या दिवशी सुटकेसेस रिकाम्या करून तळघरात टाकल्या आणि मी चांगली हिंग-मोहरीची फोडणी दिली.

पहिला रविवार झोपण्यात गेला, दुसरा मांडामांडीत. तिसऱ्या रविवारी सगळं लागलेलं होतं आणि बाहेर चिटपाखरू नव्हतं. ईराने विचारलं, "काकाआजोबा का नाही आले?" मी म्हटलं, येतील. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. काय म्हणून करायचा? जागा तर मिळाली होती.

त्याच आठवड्यात शिल्पा आमची नवी जागा बघायला आली. बोलता बोलता मी काकांचं गाऱ्हाणं सांगितलं. लाइमच्या जागेचं तर चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं. ती हसली नाही.

"आम्हाला पण असंच नाचवलं होतं," ती म्हणाली. "देशपांड्यांना तर पाच महिने. आणि जागा मिळाली की काका दिसत नाहीत. मी किती वेळा म्हटलं, या ना कधीतरी. कधीतरीला ते येत नाहीत."

"का पण?"

"रेनाटेकाकू गेल्यावर सुरुवातीला यायचे की लोकांकडे, आपल्याकडे जातात तसे, न सांगता. एकदा एकाच्या दारात उभे राहिले. तो ऑफिसच्या कॉलवर होता. वाईट नाही गं तो, पण दार अर्धवट उघडून त्याने विचारलं, 'काका, काही काम होतं का?'" शिल्पाने कप खाली ठेवला. "काका म्हणाले, नाही, सहज. आणि परत गेले. तेव्हापासून कामाशिवाय कोणाच्या दारात उभे राहत नाहीत. इथे सगळ्याला टेर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, लागतो म्हणतात. आपली माणसंही शिकली."

मला एकदम फार वाईट वाटलं. आणि मग सगळं नीट उलगडत गेलं. बाई फार बोलते. गाडी दुभंगते. चर्चची घंटा जवळ आहे. काका आमचा शोध जमेल तितका लांबवत होते, कारण तो संपला की त्यांचे रविवार संपत होते. मुलाचा फोन सकाळी होऊन जातो. नंतर अख्खा दिवस, दुकानं बंद, रस्ते रिकामे. त्या दिवशी म्हातारा थर्मास भरून स्टेशनवर येऊन उभा राहायचा, आमच्यासाठी. आणि आम्हाला मात्र पत्ता मिळाल्यावर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

राग आला होता तो लाइमचा, तोही खरा होता. ईरा मधल्या सुट्टीत एकटी बसत होती, आणि त्यातले काही आठवडे काकांच्या खात्यावर होते. पण ती रविवारी एकटी नव्हती, हेही त्यांच्याच खात्यावर.

शिल्पा गेल्यावर मी फोन लावला.

"काका, अस्मिता बोलतेय. जरा काम होतं."

"बोल," ते लगेच म्हणाले.

काम काय ते मी ठरवलंच नव्हतं. समोर स्वयंपाकघरातला हीटर दिसला. "हायझुंग आवाज करतोय हो."

"कसला आवाज?"

"टकटक. आतून कोणीतरी ठोकतंय असा."

"कधी करतो?"

"रविवारी," मी म्हटलं. "सकाळी."

मला वाटलं, पकडली गेले. मग काका म्हणाले, "रविवारी सकाळी म्हणजे गंभीर आहे. बघावं लागेल."

रविवारी ते आले. जूनचा महिना, ऊन असं की आम्ही सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. इमारतीतलं हायझुंग मे महिन्यातच बंद करतात, ते ऑक्टोबरपर्यंत. हीटर दगडासारखा थंड होता. काकांनी त्याच्यापुढे स्टूल ओढलं, बसले, वाकले आणि कान टेकवला. डोळे मिटून घेतले. आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे. ईराने एकदा हीटरकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि जर्मनमध्ये सुरुवात केली, "पण तो तर बं..." मंदारने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, पुढे जाऊन तिनेही हीटरच्या दुसऱ्या टोकाला कान लावला.



"हं," काका डोळे न उघडता म्हणाले. "करतोय."

"हो, करतोय," ईरा मराठीत म्हणाली.

"हळू करतोय. एका खेपेत कळायचं नाही." त्यांनी कान काढला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलेलं होतं आणि ते मला दिसावं याचीही त्यांनी काळजी घेतली. "पुढच्या रविवारी परत ऐकावं लागेल."

"मग आज जेवूनच जा," मी म्हटलं.

"नाही, नाही. हायझुंगसाठी आलो, तेवढंच काम. जेवण वगैरे..."

"काका," मंदार म्हणाला, "जेवणानंतर तो जास्त आवाज करतो. थांबावं लागेल तुम्हाला."

काकांनी हीटरवर हात फिरवला, जरा वेळ तिथेच ठेवला. मग उठले आणि जॅकेट काढून दारामागच्या खुंटीवर अडकवलं.